मडगार्ड-मीमांसा

नाशिकच्या सायकलविद्येचा इतिहास सांगणारे चाकांपाशीच थांबतात. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. पण श्रावणात त्र्यंबकेश्वरहून परतणाऱ्या नाशिककराच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत जी चिखलाची उभी रेघ उमटते, तिच्याकडे विद्वानांचं लक्ष गेलेलं नाही. म्हणून हा प्रपंच. मांडणी मीमांसकांच्या अधिकरणाची, म्हणजे विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त, निर्णय या क्रमाची.

विषय : गिअरची सायकल दुकानातून बहुधा उघड्या चाकांनीच घरी येते. अशा वेळी गोडेतेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन कामी येतो. त्याची सपाट बाजू कापून घ्यावी. पुढे सीटखाली शिरेल इतकी निमुळती, मागे तळहाताहून रुंद. नुसता सपाट तुकडा लवकरच मान टाकतो. म्हणून सुरीच्या बोथट बाजूने लांबीला दोन रेघा ओढून कडा खाली दुमडाव्यात, म्हणजे पन्हळ होते आणि प्लॅस्टिकला कणा येतो. मग तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडून सीटखालच्या दांड्यांना केबल टायने आवळावं.

संशय : हे कवच कुणासाठी? स्वतःच्या पाठीसाठी, की मागून येणाऱ्याच्या तोंडासाठी?

पूर्वपक्ष : अर्थातच स्वतःसाठी. चाकावरून उडालेला थेंब किती चढणार, हे वेगाच्या वर्गावर ठरतं. हवेचा अडथळा सोडला, तर ताशी १० किलोमीटरला तो सुटल्या जागेपासून फार तर ४० सेंटिमीटर चढतो आणि सीटखालीच राहतो; वेग दुप्पट केला की उंची चौपट, म्हणजे दीड मीटरच्या वर, थेट मानगुटीवर. राहता राहिला मागचा. रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहावं : चाकाच्या खालच्या भागातून सुटलेला थेंब मागे जातच नाही, जवळपास सरळ वर उडतो. मागचा गडीच त्याच्यावर चालून जातो. मग आगळीक कुणाची?

सिद्धान्त : हा युक्तिवाद त्र्यंबकच्या वाटेवर सातपूर सुटेपर्यंत टिकतो. अंजनेरीच्या अलीकडे कुणीतरी पुढे निघून जातो, पूर्वपक्षी स्वतःच मागचा होतो आणि तोंड पुसता पुसता त्याचं मत पालटतं. थेंब रस्त्यात निवांत पडला होता, त्याला उठवलं कुणी? सीटखालचा तुकडा वर येणारा थेंब अडवतो. चाकाच्या बुडापासून सुटलेल्याला तो विचारतही नाही. त्याच्यासाठी कॅरिअरला पट्टी बांधून, चाकामागे ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर जमिनीपासून चार बोटांवर लोंबायला हवं. तात्पर्य, पाठीपुरतं मडगार्ड हा प्रपंच, जमिनीपर्यंतचं मडगार्ड हा परमार्थ.

निर्णय : रबर नसलेल्याने सगळ्यांच्या मागून यावं. पुढे जायचा मोह आवरला नाही, तर परतल्यावर मिसळीचं बिल त्याने भरावं, जादा पावासकट. तर्रीचे शर्टावर उडणारे डाग मात्र ज्याचे त्याने धुवावेत. ते पुढून येतात आणि प्रस्तुत शास्त्राचा अधिकार मागच्या बाजूपुरताच आहे.