गॅलरीतले अन्नदाते

पुणे, नाशिक, ठाणे, कुठल्याही जुन्या सोसायटीत एक तरी पक्षीमित्र असतात आणि ते बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. नोकरीच्या काळात त्यांना कावळा आणि चिमणी एवढेच पक्षी ठाऊक होते. निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात घरचे ‘जरा गॅलरीत बसा’ असं सुचवतात आणि पुढचं सगळं त्यातून घडतं.

सुरुवात मातीच्या थाळीतलं पाणी आणि मूठभर बाजरी एवढीच असते. महिनाभरात चिमण्यांना तांदळाची कणी, बुलबुलाला पिकलेली पपई, असा बेत ठरून जातो; घरच्यांच्या वाट्याला पपईचा देठाकडचा भाग येतो. सलीम अलींचं १९४१ साली पहिल्यांदा निघालेलं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ टीव्हीशेजारी, पाहुण्यांना दिसेल असं ठेवलं जातं. २० मार्चला, म्हणजे जागतिक चिमणी दिनी, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हललेला फोटो पडतो. त्यात चिमणी कुठे आहे हे बाणाने दाखवलेलं असतं.

भूतदया कबुतरापाशी संपते. चिमण्यांची बाजरी तीच फस्त करतात म्हणून आधी जुन्या सीडी टांगल्या जातात, मग जाळी लागते आणि चिमण्याही बाहेर राहतात. कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसं बिघडू शकतात, हे काका वार्षिक सभेत तळमळीने सांगतात आणि ते खरंही आहे. खालच्या मजल्यावरच्या वहिनी मात्र दोरीवरच्या चादरीवर पडलेलं कबुतराचं की बुलबुलाचं, असा भेद मानत नाहीत.

खरी कसोटी विणीच्या हंगामात. टांगलेल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं, की अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं बाहेर पडायला आणखी दहा-बारा दिवस गॅलरी बंद. कपडे न्हाणीघरात वाळतात, कुंड्यांना पाणी नाही, कुकरच्या शिट्या मोजून. शिंजिराचं घरटं तर पालापाचोळा कोळ्याच्या जाळ्याने बांधून केलेलं, तारेला लोंबणारं. कामवाल्या मावशी ते जळमट समजून झाडू उचलतात आणि घरात आयुष्यात पहिल्यांदा काकांचा आवाज चढतो.

या मंडळींचा जीव सर्वांत जास्त जडतो तो दयाळावर. काळापांढरा, शेपूट उभी करून अँटेनावर बसणारा हा पक्षी मार्चपासून पहाटे सुरेख गातो आणि काका त्याला ‘आमचा दयाळ’ म्हणतात. वास्तविक ते गाणं म्हणजे ‘ही हद्द माझी’ अशी इतर नरांना दिलेली तंबी असते. काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबालाही तो प्रतिस्पर्धी समजून चोची मारतो, म्हणून खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटतात आणि घर भरदिवसा अंधारं होतं. दयाळ मुख्यतः किडे खाणारा. बाजरीकडे तो ढुंकूनही पाहत नाही. कुंडीतल्या ओल्या मातीतले किडे टिपून तो निघून जातो. काकांच्या मते तो भेटायला येऊन गेलेला असतो.

पंचाईत होते ती लेकीकडे अमेरिकेला जाताना. शेजाऱ्यांच्या हाती किल्लीबरोबर सूचनांचा कागद पडतो: पाणी रोज बदलणे, पपई सालीसकट, बाजरी निवडलेली, ‘मी नाही म्हणून रुसतील, बोलत राहा’. तिकडून व्हिडिओ कॉलवर नातवाच्या आधी दयाळाची चौकशी होते. शेजारी दुसऱ्या आठवड्यापासूनच बाजरी विसरलेले असतात. पक्षी नेमाने येतच राहतात. फक्त हे काकांना सांगायची हिंमत कुणाला होत नाही.