यांचा मेंटेनन्स

पुण्यातल्या मध्यमवर्गीय पुरुषाने भांडी घासावीत असं वाटत असेल, तर स्त्रीमुक्तीच्या व्याख्यानांचा काही उपयोग नाही. घरात एस्प्रेसोचं यंत्र आणावं. आमच्या कोथरूडच्या घरी ज्यांनी चहाचं गाळणं आजवर फक्त सिंकमध्ये टाकण्यापुरतं हातात धरलं, तेच हे आता रोज सकाळी ओट्याशी मान वाकडी करून यंत्राच्या पोटात टॉर्च मारतात आणि बोटभर ब्रशने जाळी घासतात. त्या वेळी कोणी बोललेलं चालत नाही. दाराची बेल वाजली तर ती वाजवणाऱ्याचा अपराध.

"एवढं काय घासताय?" असं मी सुरुवातीला विचारलं होतं.

"घासत नाहीये. मेंटेनन्स करतोय."

त्याचं शास्त्र मला नाश्त्याबरोबर मिळतं. कॉफीच्या बियांत तेल असतं. ते जाळीला चिकटून बसतं, खवट होतं आणि पुढच्या प्रत्येक कपात उतरतं. म्हणून ब्रश रोज. आठवड्यातून एकदा मोठं कर्म. त्या दिवशी नेहमीच्या चाळणीऐवजी बिनभोकाची चाळणी लावायची, तिच्यात चिमूटभर पावडर टाकायची आणि पंप सुरू करायचा. पाण्याला पुढे वाट मिळत नाही, म्हणून ते उलट्या पावली फिरतं आणि आतला मळ घेऊन तपकिरी फेसासकट खालच्या ट्रेमध्ये येतं. तो फेस बघायला घरातल्या सगळ्यांना बोलावलं जातं. मीही जाते. संसारात काही गोष्टी कराव्या लागतात.

दुधाच्या नळीचे नियम आणखी कडक. दुधाला फेस आला की क्षणात ओल्या फडक्याने नळी पुसायची आणि वाफेचा एक फवारा मोकळा सोडायचा. उशीर झाला तर दूध नळीवर भाजून घट्ट बसतं आणि तोंडाची भोकं बुजतात. हे मला ज्यांनी समजावलं, त्यांच्या देखरेखीखाली आमच्या शेगडीवर आजवर किती दूध उतू गेलं असेल याचा हिशेब चितळ्यांकडेही नसेल. नळीचं फडकं वेगळं, ट्रेचं वेगळं. कामाच्या मावशींनी एकदा नळीच्या फडक्याने ओटा पुसला. हे काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी कॉफीही प्यायले नाहीत.

पाहुणे आले की कॉफीआधी इतिहास येतो. वाफेच्या जोरावर कॉफी काढणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इटलीत जमलं होतं. पण मिलानच्या अकिले गाज्जियाने पाण्याला खरा दाब दिला, तेव्हा कपावर ती सोनेरी साय आली. मग १९६१ साली फाएमा कंपनीने विजेच्या पंपाचं 'ई-६१' काढलं. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून त्याचं नाव ठेवलं. हवेच्या दाबाच्या नऊपट, म्हणजे नऊ बार दाब एकसारखा देणारं यंत्र. "आज आपल्या ओट्यावर जे आहे त्याचा हा पणजोबा," असं म्हणून हे थांबतात आणि पाहुणे रिकाम्या हातांकडे बघतात.

एकदा सासूबाई आतून म्हणाल्या, "एकसष्ट ना? पाण्याचा दाब आम्हीही बघितला त्या साली."

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, तेव्हा त्या शनिवार पेठेत राहणारी परकरी पोर होत्या. पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले, आणि बादली घेऊन विहिरीवर रांगेत उभं राहायचं काम त्यांच्याकडे आलं. तेव्हापासून घरात कुठेही पाणी वाहिल्याचा आवाज आला की त्या झोपेतून उठतात. पाहुण्यांनी त्या दिवशी इटलीबद्दल पुढे काही विचारलं नाही.

अशा घरात यंत्राचं पोट धुवायचं म्हणजे परीक्षाच. मुळात धरणाचं पाणी वाईट नाही. सह्याद्रीतल्या पावसाचं, बऱ्यापैकी हलकं. पण महापालिकेचं ते सर्वांना पाठ असलेलं निवेदन येतं: देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल. घरात नऊ बार हवेत आणि नळाला कमी दाब. हे बुधवारी रात्री आधी यंत्राची टाकी भरतात, मग माणसांच्या कळशा. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की यांच्या कपाळाला आठी पडते. बोअरचं पाणी काळ्या खडकातून क्षार घेऊन येतं. शाळेत 'दुष्फेन' म्हणून शिकलो तेच हे. ते तापवलं की विरघळलेले क्षार चुन्यासारखे पांढरे होऊन बॉयलरच्या भिंतींना धरतात, बारीक नळ्या बुजवतात, आणि मग यंत्राचा दिवा लुकलुकायला लागतो.

यांनी त्यावर एक बाटली मागवली. किंमत आमच्या महिन्याच्या दुधाइतकी. सासूबाईंनी चष्मा लावून लेबलवरची बारीक अक्षरं वाचली.

"अरे, हे लिंबूसत्त्व आहे."

"आई, डीस्केलर आहे तो."

"असेल. बोहरी आळीत किलोवर मिळतं. माझी आई बंबात चिंचेचं पाणी घालून ठेवायची. थर धरला की लाकडं जास्त जळतात."

हे गप्प बसले, कारण बंब हाही बॉयलरच आणि क्षारांचा थर उष्णता अडवतो हे यांच्या पुस्तिकेतही छापलेलं होतं. तेव्हापासून लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व. ते आत गेलं की चुना विरघळतो, वायू सुटतो, बुडबुडे येतात. व्हिनेगर चालत नाही, त्याचा वास कित्येक कपांत रेंगाळतो. मग दोन टाक्या स्वच्छ पाणी यंत्रातून काढायचं, आणि इथे सासूबाई खाली बादली लावतात. पहिल्या आंबट पाण्यात देवाची उपकरणी आणि समई. मागच्या धुण्याच्या पाण्याने मोरी. आता यंत्राचा दिवा लुकलुकायच्या आधीच त्या विचारतात, "तुझं ते कधी करायचं? परवा संकष्टी आहे."

एवढं सगळं मार्गी लागलं, तरी एक प्रश्न होता. यंत्र लखलखीत, ट्रे कोरडा, फडकी वाळत, आणि फेसाची वर्तुळं सुकलेला कप जेवणाच्या टेबलावर तसाच. मी विचारलं तर हे निरागसपणे म्हणाले, "त्यात काय मेंटेनन्स करायचा?" त्यांचा नियम मला तेव्हा उमगला. ज्याला पंप, गॅस्केट किंवा वॉल्व्ह आहे ते यंत्र. बाकी सगळी भांडी, आणि भांडी आपली.

मग मी कुकर त्यांच्यापुढे ठेवला.

"याच्यात गॅस्केट आहे. सेफ्टी वॉल्व्ह आहे. बाहेरच्या हवेपेक्षा बारभर जास्त दाब, आत एकशेवीस अंश. आणि शिटीचं भोक वरणाने बुजतंय. तुमच्याकडे तो बारीक ब्रश आहे ना?"

यांनी शिटी उजेडात धरून आरपार बघितलं. कपाळाला टॉर्च लागला. त्या रात्रीपासून कुकर यांच्याकडे आहे. गॅस्केट काढून, पुसून, उलटसुलट तपासून ठेवतात आणि मावशींना हात लावू देत नाहीत. गेल्या महिन्यात मिक्सरही त्याच वाटेने गेला.

चहाचं पातेलं तेवढं अडलंय. त्याला गॅस्केट बसतं का, ते एकदा बोहरी आळीत विचारून यावं म्हणते.