जोडराव

आमच्या कचेरीत रजेचे अर्ज दोन प्रकारचे असतात. एक पोटात दुखतंय म्हणून केलेला, आणि दुसरा जोडरावांचा. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते पगारापुरतं. गेटवरचा वॉचमनसुद्धा त्यांना जोडरावच म्हणतो. कारण नोकरीच्या उभ्या आयुष्यात या गृहस्थांनी नुसती रजा कधी घेतली नाही. घेतली ती कशाला तरी जोडून.

आमची पुण्यातली औषधांची कंपनी. बऱ्याचशा गोळ्या आम्ही दुसऱ्यांच्या कारखान्यात करून घेतो आणि त्या नीट होतायत का हे बघायला माणूस पाठवतो. याला ऑडिट म्हणतात. अंकलेश्वरचं किंवा तारापूरचं ऑडिट निघालं की जोडरावांची पाठ धरते. बद्दीचं नाव ऐकलं की तीच पाठ ताठ होते. गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची बघून काम अंगावर घेणारा दुसरा ऑडिटर मी पाहिलेला नाही.

२००३ साली केंद्र सरकारनं हिमाचलाला करसवलती दिल्या आणि देशभरच्या औषधवाल्यांनी बद्दीत कारखान्यांची रांग लावली. सरकारच्या मनात उद्योगवाढ होती. जोडरावांच्या मते ही सोय त्यांची होती. कारण बद्दी हिमालयाच्या पायथ्याशी, जवळच कालका, आणि कालक्याहून सिमल्याला जाणारी ती छोटी गाडी. ‘अरे, कारखाना तिथे आहे त्याला मी काय करू?’ असं ते इतक्या निरागसपणे विचारायचे, की कारखाना ह्यांनीच तिथे नेऊन ठेवला असावा अशी शंका यायची.

लोक कालनिर्णयात चतुर्थी बघतात, जोडराव गुरुवार-शुक्रवार बघतात. आमच्याकडे सँडविच नावाचा एक नियम आहे. शुक्रवारी आणि सोमवारी रजा टाकली की मधले शनिवार-रविवारही रजेत धरतात. म्हणजे पाव तुमचे आणि मधली चटणी कंपनीची. जोडरावांनी यावर उतारा काढला होता. शुक्रवारचा पाव ड्युटीचा ठेवायचा. मग एचआरवाल्यांनी कितीही दाबलं तरी सँडविच होत नाही.

एका वर्षी सव्वीस जानेवारी सोमवारी आली. जोडरावांनी गुरुवार-शुक्रवारी बद्दीचं ऑडिट लावलं, मंगळवारची एक रजा टाकली आणि एका रजेत चार दिवस काढले. मदतनीस म्हणून मला बरोबर घेतलं. निघताना म्हणाले, ‘काम चोख करायचं हं. जोड पक्का हवा असेल तर मूळ कापड चांगलं लागतं.’

त्यांची बॅग उघडलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. वरच्या मजल्यावर ऑडिटची फाईल, दोन इस्त्रीचे शर्ट, कॅल्क्युलेटर. तळमजल्यावर माकडटोपी, लोकरी मोजे, अमृतांजन आणि भाकरवडीचा पुडा. मध्ये ‘हद्द’ म्हणून घडी घातलेला टॉवेल. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत टॉवेलच्या खाली हात घालायचा नाही, हा नियम. मला कडाडून भूक लागली तरी त्यांनी गुरुवारी भाकरवडीचा पुडा काढला नाही.

पैशांचंही तसंच. कंपनीचं पाकीट उजव्या खिशात, घरचं डाव्या. शुक्रवारी रात्रीचं जेवण उजव्या खिशातून झालं. शनिवारी पहाटे कालका स्टेशनवर चहा घेताना हात सवयीनं उजवीकडे गेला, तेव्हा चटका बसल्यासारखा मागे आला. त्या चहाचे पैसे त्यांनी डाव्या खिशातून दिले आणि माझेही दिले, प्रायश्चित्त म्हणून.

गाडीत बसलो आणि जोडराव खुलले. ही लाईन १९०३ची, रुळांमधलं अंतर अडीच फूट, लांबी ९६ किलोमीटर, बोगदे १०२, आणि २००८पासून जागतिक वारसा, हे सगळं त्यांनी ऑडिटचे मुद्दे वाचावेत तसं सांगितलं. मी म्हटलं, ‘एकशेदोन बोगदे म्हणजे कंटाळाच की.’ त्यावर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, ‘कळेल.’

धरमपूर सोडल्यावर थोड्या वेळानं साहेबांचा फोन आला. शनिवारी साहेबांचा फोन म्हणजे अहवाल. जोडराव खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाले, ‘हो साहेब... मोठा मुद्दा एकच निघालाय साहेब, तो असा की...’ आणि गाडी बरोगच्या बोगद्यात शिरली. ११४३ मीटर. अंधारात भाकरवडीचा पुडा फाडल्याचा आवाज आला. ‘या गाडीइतकी नोकरदाराच्या सोयीची गाडी भारतात नाही,’ अंधारातून जोडराव म्हणाले.

बरोगला लोक नाश्त्याला उतरले, तेव्हा त्यांनी मला त्या बोगद्याआधी फसलेल्या बोगद्याची गोष्ट सांगितली. बरोग नावाच्या इंग्रज इंजिनियरनं डोंगर दोन्ही बाजूंनी खणायला घेतला, पण दोन टोकं मध्ये जुळलीच नाहीत. सरकारनं त्याला एक रुपया दंड केला, असं सांगतात. जोडराव कटलेट चावत हळहळले. ‘दोन टोकं जुळवता येत नाहीत म्हणजे काय! एवढ्या हिशेबावर माझ्याकडे रजेचा अर्जसुद्धा पास झाला नसता.’

सिमल्यात बर्फ पडलं होतं आणि जोडरावांच्या पायात कंपनीचे सेफ्टी शूज होते, टोकाला पोलाद असलेले. ‘आयएसआय मार्क आहे,’ म्हणत ते रिजवर चालत राहिले. पोलादानं आपलं काम केलं. बोटं पूर्ण सुरक्षित होती, फक्त जाणवत नव्हती.

रिजवरून लांबवर हिमशिखरांची ओळ दिसली. दिवसभर बोलणारा माणूस एकदम गप्प झाला. मग त्यांचं लक्ष छातीकडे गेलं. स्वेटरवर कंपनीचं ओळखपत्र लोंबत होतं. त्यांनी ते हळूच आत सरकवलं. हिमालयाला दिसू नये म्हणून की कंपनीला हिमालय दिसू नये म्हणून, ते मला विचारवलं नाही.

वहिनींना हे सगळं पाठ आहे. ‘आमचा मधुचंद्रही सोलनच्या ट्रेनिंगला जोडून झाला,’ असं त्या हळदीकुंकवालासुद्धा सांगतात. एकदा कसौलीला नेलं, तर तिथल्या १९०५ सालच्या केंद्रीय संशोधन संस्थेच्या फाटकापुढे उभं करून जोडरावांनी आधी त्यांचा फोटो काढला. लसींची संस्था, म्हणजे फार्माशी संबंध आला. कुणी विचारलंच तर असावा. विचारलं कुणीच नाही. तो फोटो अजून त्यांच्या फाईलला लावलेला आहे.

गेल्या वर्षी जोडराव निवृत्त झाले. निरोपसमारंभात आम्ही त्यांना मोठी थोरली सॅक दिली, टॉवेल न लागणारी. म्हटलं, आता वर्षाला तीनशे पासष्ट दिवस. सिमला, मनाली, लेह, जिथे मन होईल तिथे जा. जोडरावांनी सॅकचे सगळे कप्पे उघडून पाहिले आणि मान डोलावली.

दिवाळीत भेटायला गेलो तर सॅक कपाटावर होती, प्लॅस्टिकसकट. ‘गेला नाहीत कुठे?’ मी विचारलं.

‘अरे, नुसतंच?’ ते अवघडून म्हणाले. ‘उठायचं आणि हिमालय बघायला जायचं? लोक काय म्हणतील! काहीतरी निमित्त नको का?’

वहिनी आत चहा टाकत होत्या. त्यांच्याकडे एक नजर टाकून जोडराव पुढे सरकले आणि आवाज बारीक करून म्हणाले, ‘तुझं बद्दीला जाणं होतंच ना? तिकडे कालक्यात, पिंजोरमध्ये कुणाचं लग्न, मुंज, गेला बाजार वास्तुशांत असली तर कळव. गुरुवार-शुक्रवार बघून. ओळखीचे नसले तरी चालतील.’