चेटकीण चालेल, पण बोध हवा

“जादूचं एखादं छान पुस्तक सांगा ना, काका. फक्त त्यात फार जादू नको.”

मी बाईंपुढे चहा ठेवला. हैदराबादच्या अंबरपेठेत मराठी घरं तशी मोजकीच, आणि त्यांत भिंतभर पुस्तकं असलेलं घर माझं. त्यामुळे ताप आला की लोक जसे आधी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारतात, तसे पोराच्या वाचनाचं मला विचारतात. मी आयुष्यभर बँकेत कर्जं मंजूर केली. पण घर बांधायला पैसे देताना मी जेवढ्या अटी घातल्या नाहीत, तेवढ्या हे लोक एका गोष्टीच्या पुस्तकाला घालतात. भूत नको, पोरगं रात्री झोपत नाही. मारामारी नको. प्रेम तर नकोच नको. मोठ्यांना उलट बोलणारी मुलं नकोत. इंग्रजी सुधारलं पाहिजे. शिवाय सहावीपासून आयआयटीचं फाउंडेशन लावलेलं, तेव्हा पुस्तक लवकर संपलं पाहिजे. एका वडिलांनी तर राक्षसाच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, “याचा पुढे एमसेटला काही उपयोग?” परीक्षेचं नाव केव्हाच बदललं, पण आमच्याकडे अजून एमसेटच म्हणतात. या सगळ्या अटींत बसणारं एकच पुस्तक मला ठाऊक आहे, पाढ्यांचं. आणि तेही मुलं तेरापर्यंत आली की घाबरून मिटतात.

“चेटकीण चालेल,” बाई जाता जाता उदार झाल्या, “पण शेवटी बोध हवा.”

मी त्यांना ‘हॅरी पॉटर आणि परीस’ दिलं. काही दिवसांनी त्या परत आल्या त्या तक्रार घेऊनच. “काका, या मुलाचे आईवडील सुरुवातीलाच मेलेत.” मग मी टोल्कीन पुढे केला. फ्रोडोचे आईवडील नदीत बुडालेले निघाले. नार्नियाच्या चार भावंडांचे जिवंत आहेत, पण लंडनवर बॉम्ब पडतात म्हणून पोरांना खेडेगावी एका म्हाताऱ्या प्रोफेसरकडे पाठवून ते मोकळे. हे सगळे लेखक आईवडिलांच्याच मुळावर उठलेत, असा बाईंना संशय आला, आणि तो शंभर टक्के खरा आहे. आई हयात असती तर हॅरी शाळेत पोचलाच नसता. पावणेदहा नंबरच्या फलाटावर स्वेटर घेतलास का, डबा घेतलास का, खिडकीतून हात बाहेर काढू नकोस, यात गाडी सुटली असती. आमच्या बाईंनी काचीगुड्याला त्याला डब्यात बसवून शेजारच्या काकूंच्या हवाली केलं असतं आणि त्या काकूंनी व्होल्डेमॉर्टला आधी त्याचं गाव कोणतं ते विचारलं असतं. साहसाला लागतं मोकळं रान, आणि आमच्या घरांत आईची नजर स्वयंपाकघरातून थेट गच्चीपर्यंत पोचते.

‘मूल घाबरेल’ हा दुसरा मुद्दा मला अंबरपेठेत तरी कधी कळला नाही. आषाढात बोनालु सुरू झालं की महांकाळीच्या मिरवणुकीपुढे पोतराजू नाचत येतो. अंगभर हळद, कमरेला कडुनिंबाचा पाला, हातात चाबूक, कानठळ्या बसवणारे ढोल. हेच आईबाप पोराला खांद्यावर बसवतात आणि “नीट बघ, फोटो काढते” म्हणून त्याच्या पुढ्यात नेऊन उभं करतात. ज्या पोराने तिसऱ्या वर्षी हे पाहिलं त्याला डिमेंटरची काय मातब्बरी? आणि अद्भुत म्हणाल तर आमचा बतुकम्मा कुंटा बघा. तळं भरावाखाली गडप झालं होतं. २०२५ मध्ये तिथं खणायला घेतलं आणि पाणी वर आलं. ही गोष्ट मी लिहून पाठवली असती तर संपादकाने ‘पटत नाही’ म्हणून परत केली असती.

मी वाढलो तो ‘चांदोबा’वर. १९४७ च्या जुलैत मद्रासला नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी ‘चंदमामा’ तेलुगू आणि तमिळमध्ये काढला, १९५२ मध्ये तो मराठीत आला. पाचच वर्षं मद्रासी राहून मराठी झालेला दुसरा कोणी माझ्या माहितीत नाही. आमच्या गल्लीत माझ्याकडे ‘चांदोबा’ यायचा आणि समोरच्या घरात ‘चंदमामा’. चित्रं तीच, राक्षस तोच, फक्त तो त्यांच्याकडे तेलुगूत डरकाळी फोडायचा. मूळ कोणाचं यावर आम्ही पोरं हातघाईवर येत होतो. पुढे कळलं, दासरी सुब्रह्मण्यम नावाचे गृहस्थ त्या मांत्रिकांच्या आणि पाताळदुर्गांच्या लांबलचक मालिका तेलुगूत लिहीत होते. म्हणजे माझं मराठी बालपण बरंचसं तेलुगूतून आलेलं होतं. समोरच्याला हे मी आजवर सांगितलेलं नाही.

आणि त्यात दर महिन्याला विक्रम-वेताळ. शंकर यांनी काढलेलं ते चित्र आठवा: राजाच्या खांद्यावर प्रेत, हातात तलवार, भोवती स्मशान. आणि वर शांतपणे ‘मुलांचं मासिक’. वय वर्षे किती, असा प्रश्न कोणी केला नाही. प्रेत लटकतंय, पोरगं वाचतंय, आजी शेजारी शेंगा सोलतेय. वेताळाचा नियमही काय अघोरी! उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं, आणि बरोबर उत्तर दिलंस तर प्रेत परत झाडावर. हल्लीच्या परीक्षांत चुकीच्या उत्तराला मार्क कापतात म्हणून पालक रडतात. इथे बरोबर उत्तरालाच पुन्हा पहिल्यापासून चालत यावं लागतं. एमसेटची याहून चांगली तयारी मला सुचत नाही, आणि त्या वडिलांना मी तसं सांगूनही टाकलं.

तिसरी तक्रार आज्यांची: पुस्तक हातात घेतलं की पोरगं जेवत नाही. ही तक्रार मात्र अगदी सातवाहनकालीन आहे, तीही आपल्या पैठणची. पैठण १९५६ पर्यंत आमच्या हैदराबाद राज्यातच होतं, तेव्हा तिच्यावर आमचाही हक्क पोचतो. कथा अशी की गुणाढ्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली आणि शाईअभावी ती स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजा सातवाहनाने ती नाकारली. भाषा गावंढळ, आणि रक्ताने लिहिलेली, शी! संपादकांचं हे घराणं फार जुनं आहे. मग गुणाढ्य डोंगरावर जाऊन बसला, अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळत सुटला. हरणं, डुकरं, रेडे सगळे चरणं सोडून भोवती बसले, डोळ्यांतून पाणी. इकडे राजाच्या ताटात रोज वाळकं मांस येऊ लागलं, राजा आजारी पडला. स्वयंपाक्याने शिकाऱ्यांवर ढकललं, शिकारी म्हणाले जनावरंच खात नाहीत, गोष्ट ऐकत बसलीत! राजा धावत गेला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या लाखाची परंपरा सांगत अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ लिहिला. आपल्या वेताळाच्या गोष्टी त्यात आहेत, आणि तिथला वेताळ वाहणारा राजाही गोदाकाठच्या प्रतिष्ठानचाच आहे. त्या सागराचं नाव पुढे रश्दींच्या ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’पर्यंत पोचलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला काय देऊ, असं कोणी विचारलं की मी तेच सांगतो. त्यातल्या गोष्टी सांगणाऱ्या बापाची वाचाच बंद होते, हे मुलांना विशेष आवडतं. तर आजींना मी म्हणतो, भाजीपोळी थंड झाली तर होऊ द्या. पुस्तक चांगलं असल्याची त्याहून जुनी खूण नाही.

आईबाप मात्र पुस्तक निवडतात ते नावावरून. आमच्या ओळखीच्या एका वकीलसाहेबांनी मुलीला ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ आनंदाने घेऊन दिलं, कोर्टाचं पुस्तक आहे, पोरगी माझीच गादी चालवणार म्हणून. त्या कोर्टात काय काय चालतं ते मी त्यांना सांगितलं नाही. आधी किशोरांसाठी म्हणून निघालेलं ते पुस्तक पुढे प्रकाशकांनीच मोठ्यांच्या कपाटात हलवलं, एवढंच बोललो. याच्या उलट मुग्धा कर्णिकांनी मराठीत आणलेला टोल्कीन, ‘स्वामी मुद्रिकांचा’. एका घरी मी तो दिला. पुढच्या वेळी गेलो तर पुस्तक देवघरात, वर हळदकुंकू. आजी म्हणाल्या, “स्वामींचं आहे ना, पोरगं कुठेही टाकतं.” ऑर्क, ट्रोल आणि सॉरॉन अगरबत्तीच्या धुरात सुखात होते.

आणि एक आजोबा. त्यांना नातवासाठी अल्लादीन हवा होता. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथून त्यांनी स्वतःच ‘अरेबियन नाइट्स’चे तीन खंड उचलून आणले. ते होते गौरी देशपांड्यांनी बर्टनवरून केलेल्या सोळा खंडांपैकी. बर्टनने काही गाळलं नव्हतं आणि गौरीबाईंचा स्वभावही गाळण्यातला नव्हता. दुसऱ्या दिवशी आजोबा माझ्याकडे आले, दार लोटून घेतलं, हळूच म्हणाले, “पोराच्या हाताला लागू नयेत म्हणून माळ्यावर ठेवलेत.” मी म्हटलं, योग्य केलंत. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, “चौथा खंड आहे का तुमच्याकडे?”

हे सगळं बघून माझं मत पक्कं झालंय की मोठ्यांनी मुलांना पुस्तकं सुचवूच नयेत. हे फार मोठ्या प्रकाशकांनाही कळलं होतं. १९३६ मध्ये लंडनला स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे ‘द हॉबिट’चं हस्तलिखित आलं, तेव्हा त्यांनी ते घरी नेऊन आपल्या दहा वर्षांच्या रेनरला दिलं. अभिप्राय लिहायची फी एक शिलिंग. पोराने लिहिलं की पुस्तक चांगलं आहे, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. म्हणजे त्याच्यासारख्या दहा वर्षांच्या प्रौढांना नव्हे! अनेक प्रकाशकांनी परत केलेला हॅरी पॉटरसुद्धा ब्लूम्सबरीच्या प्रमुखांच्या आठ वर्षांच्या मुलीने सुरुवातीचं प्रकरण वाचून ‘पुढचं कुठाय’ म्हणून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा त्यांच्या गळी उतरला.

म्हणून मीही वरच्या मजल्यावरच्या छोटूला नेमलं. एका पुस्तकाला एक लुखमी आणि अर्धा कप इराणी चहा, चहाचं आईला सांगायचं नाही. त्याचे अभिप्राय नमुनेदार. ‘द हॉबिट’: “तेरा जण न सांगता जेवायला येतात. यात काय जादू? आमच्याकडे गणपतीत असंच होतं.” नार्निया: “तो एडमंड मिठाईसाठी भावाबहिणींना विकतो. टर्किश डिलाइट आणून बघितलं मी. डबल का मीठा असता तर मी समजलो असतो.” अर्सुला ल ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८ सालचं, त्याने दोनदा वाचलं आणि अभिप्राय दिलाच नाही. लुखमी नुसतीच खाऊन गेला. किशोरांना मी तेच पुस्तक सगळ्यांत आधी देतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे एक मियाँसाहेब त्याला अधूनमधून ‘तिलिस्मे होशरुबा’ ऐकवतात. त्यातल्या अमर अय्यारच्या झोळीत अख्खी दुनिया मावते, हे कळल्यावर छोटूने हर्मायनीच्या पिशवीवर चोरीचा आरोप ठेवला. लखनौला १८८३ मध्ये होशरुबाचा पहिला खंड छापला गेला, तेव्हा आरोपाला निदान तारखांचा आधार आहे.

मराठीचं मात्र अवघड. त्याची शाळा इंग्रजी, २०१८ च्या कायद्याने तेलुगू सक्तीची, हिंदी तिसरी, आणि मराठी उरली रागावण्यापुरती. त्याला जोडाक्षर आलं की तो थांबतो आणि राक्षसही बिचारा गदा उगारून तसाच थांबतो. म्हणून मराठी मी वाचून दाखवतो. जी. एं.ची ‘बखर बिम्मची’ चालली, भा. रा. भागवतांनी अॅलिसची केलेली ‘जाईची नवलकहाणी’ धावली. नाथमाधवांचा १९१३ चा ‘वीरधवल’ मी लहानपणी इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून वाचला होता, तो मोठ्या उमेदीने काढला. वाक्यं इतकी लांब, की छोटू मधेच पाणी पिऊन आला तरी क्रियापद यायचं होतं. पण शिकारीला गेलेले नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कमरेखाली लुळे झाले आणि पुढे कादंबऱ्या लिहीत बसले, हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग हे सांगा ना, पुस्तक राहू द्या.”

आता छोटू आठवीत गेला. फाउंडेशनमुळे त्याला वेळ नाही, म्हणून जागा त्याने धाकट्या बहिणीला दिली आणि परस्पर फी दोन लुखम्या करून गेला. तिला मी पहिल्याच दिवशी गुणाढ्याची गोष्ट सांगितली. रडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, “मग जळलेल्या सहा लाखांत काय होतं?” कोणालाच माहीत नाही म्हटल्यावर तिने भावाची अर्धी कोरी फिजिक्सची वही आणली आणि ते सहा लाख स्वतःच भरून काढायला घेतले. पहिल्या गोष्टीत एक राजकन्या आहे, दात पडलेला राक्षस आहे, दोघांना मिळून पैठणला जायचंय. तिसरं पान संपत आलंय आणि दोघं अजून अंबरपेठ सहा नंबरला बसची वाट बघतायत.