माधवनगरात कोंबड्या पाळण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

कोंबड्या पाळायला जागा किती लागते, असे लोक विचारतात. जागा फार लागत नाही. शेजारी लागतात. सात कोंबड्यांच्या खुराड्याला किमान चार घरे असावीत: एक खुराड्याचे, एक शिळी भाकरी टाकणारे, एक तक्रार करणारे आणि एक जिथे कोंबडी प्रत्यक्षात अंडी घालते ते. छापील पुस्तिकांत हे सापडत नाही. त्या चौरस फुटांचा हिशेब देतात, आणि आमच्याकडची परसदारे हात लांब केला की संपतात.

गावाचा आवाजही ध्यानात घ्यावा. आमच्या मागल्या गल्लीत यंत्रमाग चालतात. खेड्यातून आणलेली तलंग पहिले चार दिवस त्या खटखटीने बावचळून जाते. पुढे सवय होते ती इतकी, की वीज जाऊन माग थांबले रे थांबले, की सगळ्या एकदम माना वर काढून आभाळात घार शोधू लागतात. शांतता म्हणजे संकट, हे त्यांचे ठाम मत झालेले आहे.

आता जात. नवशिक्याने गावरानच घ्यावी. ती वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि त्यातली निम्मी कुठे दिली ते सांगत नाही. पोल्ट्रीतली लेअर वर्षाला तीनशेच्या आसपास देते, पण ती पिंजऱ्यात. तिला गल्ली माहीत नाही. राहता राहिला कडकनाथ. झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले 2018 साली, सांगलीच्या हळदीलाही त्याच साली. दुसऱ्याच वर्षी आपल्या सांगली जिल्ह्यात, इस्लामपुरात, ‘पैसे भरा, पिल्ले न्या, अंडी आम्हीच विकत घेतो’ या योजनेचा फुगा फुटला आणि काळ्या कोंबड्या लोकांच्या दारात उरल्या. आमच्या एका पाहुण्यांकडेही होत्या. त्यांच्यासमोर हा विषय काढू नये, विशेषतः जेवताना. हळद मात्र ठेवावी घरात. एकमेकींची चोच लागली की जखमेवर तीच लावायची असते.

खुराड्यात तूस अंथरावे, ओले झाले की बदलावे. एका कोपऱ्यात चुलीची राख टाकून ठेवावी. कोंबड्या तिच्यात लोळतात आणि पिसांतल्या उवा झटकतात. अंड्याचे कवच पातळ येऊ लागले तर शिंपल्यांचा चुरा द्यावा. मुंगसासाठी जाळी बारीक घ्यावी. एवढ्यात व्यवस्थापन संपते. पुढचे सगळे राजकारण आहे.

उदाहरणार्थ, कोंबडा. अंड्यासाठी तो लागत नाही, हे आमच्या आईला पटवण्यात माझी तीन वर्षे गेली. पिल्लांसाठी मात्र लागतो, आणि आमचा कोंबडा पलीकडच्या काकूंचा आहे. म्हणजे तो त्यांच्याकडे खातो आणि आमच्याकडे आरवतो. कोंबडी खुडूक झाली, पिसे फुलवून रिकाम्या टोपल्यात बसून हात लावताच कर्र करू लागली, की तिच्याखाली अंडी ठेवावीत. अकरा किंवा तेरा. बारा ठेवू नयेत. कारण विचारू नये, आईला राग येतो. प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण करावी, म्हणजे दुसरीने मागाहून घातलेले ओळखू येते. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरावे: आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर धरले, स्वच्छ दिसले तर फुकट. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात आणि त्याच दिवशी संध्याकाळी काकू येऊन ‘आमच्यावर गेलीत’ म्हणून दोन मागतात. द्यावीत. कोंबडा त्यांचा आहे.

आता मुख्य प्रकरण, लसीकरण.

कोंबड्यांना मानमोडी होते. रोगाचे पुस्तकी नाव राणीखेत, त्या हिमालयातल्या थंड हवेच्या गावावरून. परदेशात न्यूकॅसल म्हणतात. आपल्या लोकांनी भूगोलात न शिरता जे दिसते ते नाव ठेवले. एकदा शिरली की आठवड्यात गल्ली साफ होते. उपाय स्वस्त आहे: पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब. अडचण एवढीच, की सगळ्यात लहान कुपीसुद्धा शंभर पिल्लांची मिळते. एकदा कालवली की बर्फात ठेवून तासा-दोन तासांत संपवावी लागते, आणि आपल्याकडे पिल्ले असतात नऊ.

उरलेली एक्याण्णव शोधणे, हेच खरे कुक्कुटपालन. सहकार या जिल्ह्याला शिकवावा लागत नाही. वसंतदादा पाटलांनी तो उसावर उभा केला, आम्ही कुपीवर केला. शुक्रवारी बायकोने बचत गटाच्या बैठकीत शेवटचा विषय म्हणून पिल्ले मोजली. रविवारी सकाळी सातला, उन्हे चढायच्या आत, आमच्या ओट्यावर थर्मासात बर्फ, बर्फात कुपी आणि भोवती टोपल्या, खोकी, एक प्रेशर कुकर (झाकण नसलेला). एकसष्ट भरली. पिल्लू मुठीत धरावे. वजन लिंबाएवढे, पण काळीज असे धडधडते की आपलीच बोटे थरथरतात. डोळ्यावर थेंब सोडावा आणि ते पापणी मिटून थेंब आत घेईपर्यंत थांबावे. घाई केली तर थेंब गालावरून ओघळतो. एकदा दिलेल्याला पुन्हा देऊ नये म्हणून डोक्याला कुंकू लावावे. आठ वाजेपर्यंत ओट्यावर लग्नघर झाले होते.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या आज्जी पदराखाली चांगली दोन किलोची कोंबडी घेऊन आल्या.

“माझ्या बी कोंबडीला घाला की एक थेंब.”

“आज्जी, ही पिल्लांची लस आहे. मोठ्यांची वेगळी असते, टोचायची.”

“मग काय झालं? ती बी कुनाचं तरी पिल्लूच हाय की.”

थेंब घातला. कुपीत एकोणचाळीस शिल्लक होते, आणि आज्जींशी वाद घालण्याची लस अजून निघालेली नाही.

नवी कोंबडी आणली तर दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी, हा नियम कडक आहे. मी तो एकदाच मोडला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगलीतली आमची मावशी दोन बॅगा, गॅसची शेगडी आणि पिशवीतून मुंडके काढलेली एक तांबडी कोंबडी घेऊन आली. घरात माणसेच चौदा होती. कोंबडीला वेगळी खोली कुठून द्यायची? ती सरळ खुराड्यात गेली, पहिल्या दिवशी मार खाल्ला, तिसऱ्या दिवशी वरची काठी पटकावली. पाणी ओसरल्यावर मावशी गेली. कोंबडी म्हणे, राहू दे, रुळलीय.

दिवेलागणीला कोंबड्या डालाव्यात. आधी दाणे घेऊन ‘आऽ तीतीती’ करावे, सगळ्या आत गेल्या की दार लावण्यापूर्वी मोजाव्यात. एक कमी भरली तर बॅटरी घेऊन पहिल्यांदा पलीकडच्या लाकडांमागे बघावे, मग गटारीकडे, मग आज्जींच्या माळ्यावर. एखादे दिवशी मात्र सातच्या आठ भरतात. अशा वेळी पुन्हा मोजू नये. दाराला कडी घालावी, बॅटरी विझवावी आणि भिंतीपलीकडून काकूंचे ‘तीतीती, तीतीती’ ऐकू येत असले तरी आत जाऊन टीव्हीचा आवाज थोडा वाढवावा.