नकार देणारा सर्व्हर परवडला

वळसंगहून सोलापूरच्या एखाद्या चादर-कारखान्याला जकार्ड डिझाइनची फाइल पाठवताना पडद्यावर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ उमटलं, की पहिला संशय रेंजवर आणि पहिली शिक्षा राउटरला.

खरं तर असा नकार आला म्हणजे रस्ता बहुधा ठीक, यंत्रही जागं. फक्त फाइल धाडणाऱ्या एफटीपीच्या पोर्ट 21 वर ऐकायला कोणी बसलेलं नाही. लिनक्स सर्व्हर ते ‘आरएसटी’ पाकिटातून तोंडावर सांगतो. पाकीट गुपचूप गिळणारी फायरवॉल मात्र ‘साहेब येतीलच’ म्हणत बाकावर बसवणाऱ्या कचेरीसारखी. टाइमआउटपर्यंत ताटकळत ठेवते.

तरी घाईघाईने फोल्डरला 777, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची परवानगी बहाल होते! तिचा इथं काडीचा संबंध नाही. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर व्हीएसएफटीपीडी ही एफटीपी सेवा आपोआप सुरू व्हावी, एवढंच बऱ्याचदा सांगायचं राहिलेलं असतं.

एफटीपीचा पहिला मसुदा आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या अभय भूषण यांनी 1971 साली लिहिला. पासवर्ड उघड्यावर धाडणाऱ्या या एफटीपीला क्रोम-फायरफॉक्सनी 2021 मध्ये रामराम ठोकला. पासवर्ड झाकून नेणारं, पोर्ट 22 वरचं एसएफटीपी बहुतेकदा त्याच सर्व्हरवर तयार असतं. पण सेटिंग बदलणार कोण? ते करून देणारा पोरगा कधीच पुण्याला गेला.