मुका मार

गणपतीच्या चार दिवस आधी माळ्यावरून मखर काढताना मी स्टुलावरून पडलो. पडतानाही मखर दोन्ही हातांनी वर धरून ठेवलं होतं, त्यामुळे त्याला ओरखडाही आला नाही. घरात सगळ्यांना याचंच कौतुक. माझा डावा खुबा आणि मांडी मात्र फरशीवर अशी आपटली, की खालच्या मजल्यावरचे काका काय पडलं म्हणून विचारायला वर आले. बायको म्हणाली, "काही नाही हो, हे पडले."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "हाड शाबूत आहे. नुसता मुका मार आहे."

याला मुका का म्हणतात, ते मला पुढच्या दोन दिवसांत कळलं. जखमेला पट्टी असते, पट्टीवर आयोडिनचा डाग असतो, म्हणजे ती आपली आपण बोलते. फ्रॅक्चर तर सभा गाजवतं. त्याला प्लास्टर मिळतं, भेटायला येणारे मोसंबी आणतात. मुका मार मात्र ज्याला बसतो त्यालाच ऐकू येतो. आणि माझा जांभळा डाग अशा जागी होता, की पुरावा म्हणून चारचौघांत दाखवायचीही सोय नव्हती. मी कण्हलो की घरचे म्हणायचे, "मोडलं तर नाही ना? मग झालं!"

शेवटी गावाला आत्याला फोन लावला. आत्या कळवळली. म्हणाली, "निगडीचा पाला आण आणि तेल काढ. मेण घालून मलम कर. मी सांगते तसं." रेंज गेली.

मी पुण्यात राहतो. पुण्यातल्या माणसाला निगडी म्हटल्यावर जे कळायचं तेच मला कळलं. खुबा सांभाळत, दोन बस बदलून मी निगडीला गेलो. भक्ती-शक्ती चौकापाशी उतरलो आणि एका भाजीवालीला विचारलं, "इथला पाला मिळेल का?" ती म्हणाली, "मिळंल की. मेथी घ्या, शेपू घ्या, चाकवत घ्या." मी पुन्हा फोन लावला. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे बाबा, निगडी म्हंजे निर्गुंडी! झुडूप! एका देठाला पाच पानं, मागनं पांढुरकी, निळी-जांभळी फुलं. बांधाबांधाला असतं."

हे झुडूप आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून आहे. माझ्या स्कूटरवर त्याची फुलं पडतात म्हणून ते तोडावं, असा अर्ज मी कमिटीला दोनदा दिला होता. कमिटीने नेहमीप्रमाणे काहीही केलं नाही. तिच्या या कार्यपद्धतीबद्दल मी प्रथमच कृतज्ञ झालो.

वडिलांच्या कपाटात शार्ङ्गधरसंहिता होती. तिच्यातला तेल सिद्ध करण्याचा हिशोब सरळ आहे : वाटलेला पाला एक भाग, तेल चार भाग आणि रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे 50 ग्रॅम पाला, 200 मिली तिळाचं तेल, 800 मिली रस. हे सगळं मंद आचेवर इतकं आटवायचं, की शेवटी फक्त तेल उरेल. लिटरभर ऐवजातून हाती पावशेरही नाही. वडिलोपार्जित जमिनीचं असंच होतं.

"त्या कढईत मला तळणीचे मोदक करायचेत," बायको म्हणाली. "आता त्या मोदकांना कसला वास येईल?" मी म्हटलं, "औषधी." त्यानंतर स्वयंपाकघरात मी एकटाच होतो.

तीन तास ढवळत उभा राहिलो. खुबा दुखत होताच, आता त्यात कंबर आणि उजवा खांदा सामील झाले. तेल झालं की नाही, याची परीक्षा मात्र सुरेख आहे. कढईतला थोडा गाळ चिमटीत घेऊन त्याची वात वळायची आणि ज्योतीवर धरायची. पहिल्यांदा तो बोटांना नुसता चिकटला. तासाभराने वात वळली, पण ज्योतीवर तडतड तडतड करू लागली. म्हणजे आत पाणी आहे, अजून वेळ आहे. तिसऱ्यांदा वात धरली, तर ती अवाक्षर न काढता जळली. वात मुकी झाली की तेल तयार. मुक्या मारावर इतकं समर्पक औषध दुसरं नसेल.

ते तेल मी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि मधमाश्यांचं मेण घातलं. आत्या म्हणाली होती, पाच भाग तेलाला एक भाग मेण. मला वाटलं, जास्त मेण म्हणजे जास्त गुण, म्हणून मी दुप्पट घातलं. सकाळी डबीत बोट घातलं, तर नख वाकलं. त्या मलमात वात घातली असती तर ते आरतीला चाललं असतं. पुन्हा कढई चढवली, डबीतला थोडा भाग काढून ठेवून तेवढंच तेल ओतलं. मेण चौसष्ट अंशांच्या आतबाहेर वितळतं, पण बायकोचा संयम त्याच्या बराच आधी वितळतो. या खेपेला थंड बशीवर थेंब टाकून पाहिला. बोटाने सरकला, पण ओघळला नाही. जमलं.

आता राहिली तीन फुलांची करामत. काष्ठौषधीच्या दुकानात कापूर मागितला, तर मालकांनी चष्म्यावरून पाहून विचारलं, "देवाला की गुडघ्याला?" मी म्हटलं, "खुब्याला." त्यांनी भीमसेनी कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल अशा तीन पुड्या बांधून दिल्या. ही फुलं म्हणजे काचेसारखे कोरडे खडे. तिन्ही सारख्या मापाने एका बाटलीत घालून हलवली आणि ठेवून दिली. विस्तव नाही, पाणी नाही. दहा मिनिटांत कडा ओलसर झाल्या, खडे एकमेकांत विरघळू लागले आणि बघता बघता बाटलीत पाणीच झालं. एकेकटे कडक राहणारे तिघे एकत्र कोंडले की पाघळतात. आमच्या कमिटीला एकदा असंच कोंडायला हवं.

हे पाणी मलम कोमट झाल्यावर घालायचं. मी गरमच असताना घातलं. एकच वाफ उठली. मी डोळे मिटले आणि ते पुसले. पुसले त्याच हाताने. त्यानंतर अर्धा तास मी नळाखाली होतो आणि आमच्या जिन्यातल्या सगळ्यांची सर्दी मोकळी झाली होती.

पण खरा चमत्कार पुढे झाला. मलम लावलं आणि मुक्या माराला वाचा फुटली. मी दारातून आत येण्याआधी माझा वास आत यायचा. आरतीला येणारे झांजा बाजूला ठेवून विचारायचे, "काय झालं हो?" बसमध्ये एका कॉलेजकुमाराने नाक दाबत जागा दिली. घरात बसल्या जागी चहा येऊ लागला. कमरेत वाकायचं काम कुणी सांगेना. आठ दिवस कण्हून जे मिळालं नव्हतं, ते मला चिमूटभर मलमाने मिळालं.

या मलमाचं शास्त्रही मोठं लबाड आहे. पुदिन्याचं फूल त्वचेला प्रत्यक्षात गार करत नाही. गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते नुसती गार झाल्याची थाप मारतं. मिरची तशीच आग झाल्याची थाप मारते. या दोन थापांचा माग काढता काढता डेव्हिड ज्युलियस यांनी मोठं संशोधन केलं आणि 2021 चं वैद्यकाचं नोबेल आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळवलं. मीही त्याच तत्त्वावर थाप मारत होतो, पण आमच्याकडे कमिटी वेगळी.

कारण डाग आपल्या वेळापत्रकाने चालला होता. जांभळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा. साकळलेल्या रक्ताचा रंग शरीर असा टप्प्याटप्प्याने मोडून टाकतं आणि मलम लावा न लावा, दोन आठवड्यांत डाग जातो. अनंत चतुर्दशीला माझी मांडी कोरी करकरीत होती. वास मात्र मी चालू ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मखर माळ्यावर चढवायचं होतं. मी सकाळीच दोन बोटं जास्त मलम चोळून सोफ्यावर बसलो. इतक्यात आतून तसाच वास आला, माझ्यापेक्षा उग्र. बायको कंबरेवर हात ठेवून दारात उभी होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"मुका मार," ती म्हणाली. "कुठे ते विचारू नका. स्टूल तिथे ठेवलंय."